उघडल्याची तारीख

अप्पा, परवा आयुधपूजा आहे आणि आमच्या बेलूरच्या कारखान्यात कालपासून धुणंपुसणं चाललंय. तुम्ही गेल्यानंतर मला इथं नोकरी लागली. आता सॉल्व्हंटचं स्टोअर माझ्याकडे आहे. ॲसिटोन, मिथेनॉल, ईथर, सगळं. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात तुम्ही अटेंडर म्हणून जे बावीस वर्षं सांभाळलंत तेच, फक्त इथं बाटल्यांबरोबर पिंपंही आहेत. आज सकाळी नवी केमिस्ट एक तपकिरी बाटली लांब धरून आली. कलघटगी गावची मुलगी आहे, तोंडाळ आहे, कामाला चांगली. म्हणाली, "अक्का, हिचं लेबल बघा की. हिला पूजेत ठेवली तर भटजी पळून जाईल." मग म्हणाली, "नवीन लावते. पण उघडल्याची तारीख पुसलीय, काय लिहू?"

तुमच्या विभागातही पूजेआधी असंच चालायचं. बर्नर घासायचे, तराजूला झेंडूची माळ, कपाटांना हळदकुंकू. मी तेव्हा त्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. माझं अक्षर चांगलं म्हणून मळलेली लेबलं बदलायचं काम तुम्ही मला दिलंत. तुमची रीत होती: प्रत्येक बाटलीवर दोन तारखा, आल्याची आणि उघडल्याची, त्याही पेन्सिलीनं. शाईवर एक थेंब सांडला तर शाई वाहून जाते. "बाटलीचं तोंड धुवा, वय धुऊ नका," असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात आणि स्वतःच हसायचात. स्पिरिट बंद राहिलं तर वर्षानुवर्षं टिकतं. ईथर टिकत नाही. एकदा उघडलं की हवा आत जाते, आणि सहा महिन्यांनंतर त्यात काय तयार झालं असेल हे वरून सांगता येत नाही. हे मी पुस्तकात वाचायच्या आधी तुमच्याकडून ऐकलं होतं.

ईथरच्या एका बाटलीवरची दुसरी तारीख गेली होती. तुम्ही पूजेचा कोहळा आणायला बाजारात गेला होतात. आणखी तीसेक लेबलं बाकी होती. मी त्या दिवसाची तारीख लिहिली, खळ लावली, लेबल चिकटवलं आणि पुढची बाटली घेतली.

शिवरात्रीच्या सुमाराला एका सरांना ईथर हवं होतं. तुम्ही कपाट उघडता, लेबल वाचता. चार महिने, म्हणजे चालेल. हात पुढे करता आणि थांबता. झाकणाच्या कडेला साखरेसारखे पांढरे खडे धरलेले. ते झाकण फिरवलं असतं तर स्फोट होऊन हात गेला असता, कदाचित डोळेही. तुम्ही बाटलीला हात न लावता खोली रिकामी केलीत. पोलिसांनी बोलावलेली माणसं दुसऱ्या दिवशी आली आणि वाळूच्या पेटीतून ती घेऊन गेली. मग विभागाच्या हेडनी सगळ्यांसमोर लेबलाकडे बोट दाखवून विचारलं, "यारु बरदार इदन्न?" कुणी लिहिलंय हे? अक्षर माझं आहे हे तुम्हाला दुरूनही कळलं असतं. तुम्ही म्हणालात, "नान री, सर." मीच. पुढच्या आठवड्यात तुम्हाला स्टोअरमधून काढून सायकल स्टँडवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत तुम्ही तिथंच होतात.

घरी तुम्ही मला एकदाच विचारलंत. मी भाकरी थापत होते. तुम्ही पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होतात. "ती तारीख तुला कुठं दिसली गं?" मी तव्यावरून नजर न काढता म्हणाले, "जुन्या लेबलवर होती." "मग मीच चुकीची घातली असंल," म्हणालात आणि पाणी न पिताच बाहेर गेलात. त्यानंतर घरात दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा तुम्ही आईकडून वाचून घ्यायला लागलात. मी ते बघत होते. ओरडला असतात तर मी खरं बोलले असते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. आता सांगत नाही.

जुन्या लेबलवर काहीच नव्हतं, अप्पा. तुमची चूक नव्हती. हा कागद कुठं पाठवायचा नाही हे मला कळतं, तरी लिहून ठेवते.

कलघटगीच्या मुलीला मी सांगितलं, "तारीख माहीत नाही, असं लिही आणि बाटली टाकाऊ मालाच्या पिंजऱ्यात ठेव." ती कुरकुरली. "अक्का, अर्धी बाटली भरलीय की!" तेव्हा मी तिला त्या कॉलेजची हकीकत सांगितली. एक अटेंडर होते, एवढंच मी म्हणाले. तिनं हातातली बाटली हळूच टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "एवढा अनुभव असून त्यांनी असं कसं केलं हो?"

"होतं माणसाच्या हातून," मी म्हणाले. तिनं मान हलवली आणि दुसरी बाटली घेतली. मी तिला थांबवून ती तारीख कुणी लिहिली ते सांगितलं नाही.