माडीवरचा पट्टा

प्रिय मंजुळा,

फोन असताना अक्काने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. मी फोनवर बोलते ते ओसरीपर्यंत ऐकू जातं आणि ओसरीवर तुझे दाजी बसलेले असतात. त्यांच्या कानावर जाऊ नये असं काही आहे. तू एकटीच वाच. तुझ्या भगवानरावांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवायची खोड मला ठाऊक आहे, ती या वेळेपुरती आवर.

दिवाळीनंतर दाजींना झटका आला तेव्हा तू आली होतीस, म्हणून ते सगळं पुन्हा सांगत नाही. तू सिरसाळ्याला परत गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या नेमानं घ्या आणि रोज तासभर चाला. आपल्या या घरातला पुरुष कामाशिवाय कधी चालला आहे का गं? शेतात जायचं तरी जीप. पण मरणाची भीती भल्याभल्यांना शहाणं करते. लेकाने, उत्तरेश्वरने, पुण्याहून पांढरे बूट पाठवले, ते घालून दाजी सकाळी सोसायटीच्या चारा छावणीपर्यंत चालत जायला लागले. खरं सांगू, ते दिवस बरे होते. कोणाची विहीर आटली, कोणाच्या बांधावरचं लिंबाचं झाड वठलं, हे घरी आल्यावर मला सांगायचे. इतकी वर्षं चेअरमन आहेत, पण गावाचं शिवार त्यांनी पायी पहिल्यांदाच पाहिलं असेल. भाकरी पोटभर खायचे आणि गाढ झोपायचे.

मग ते टँकरचं झालं. यंदा गावात प्यायला थेंब नाही, टँकर येतो तो वेशीबाहेर थांबतो. बायका उजाडल्यापासून रांगेत असतात. दाजी तिथून हात हलवत, घाम पुसत निघाले होते. रांगेतली केसरबाई म्हणाली, "चेअरमन, घाम गाळायचाच हाय तर एक हंडा घेऊन चला की. आमचं बी काम व्हईल." सगळ्या बायका हसल्या. केसरबाई मनाने वाईट नाही. पाणी वाहून तिचं कंबरडं मोडलंय, तिला समोर पांढऱ्या बुटातला माणूस दिसला, ती बोलली. तिच्या जागी मीही बोलले असते. पण दाजींनी घरी आल्या आल्या बूट काढून माळ्यावर टाकले. मी समजूत घातली, तर म्हणाले, "मेलो तरी चालंल, पण हसं करून घ्यायचो न्हाई."

उत्तरेश्वरला कळलं तेव्हा त्याने ते पळायचं मशीन पाठवून दिलं. ट्रॅक्टर आला तेव्हा केली होती तशी त्याची पूजा झाली, हळदकुंकू, नारळ, सगळं. कोणाला दिसू नये म्हणून माडीवर चढवलं आणि खिडक्यांना जुन्या सतरंज्या लावल्या. आता सकाळी लाईट असेल तेव्हा तुझे दाजी अंधाऱ्या खोलीत दोन्ही हातांनी दांडा धरून भिंतीकडे बघत चालतात. उतरल्यावर इतके किलोमीटर झाले म्हणून सांगतात. मी विचारते, पोचलात कुठं? त्यावर चिडतात.

इथे माझी चूक झाली. सकाळी छावणीतली माणसं चाऱ्यासाठी, पेंडीसाठी दारात येतात. चेअरमन कुठं म्हणून विचारलं की मी सांगायची, पूजेला बसलेत. वरून धप धप आवाज यायचा, लोक ऐकायचे आणि मुकाट्यानं परत जायचे. देवाधर्माच्या आड लपलं की कोणी पुढं विचारत नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण महिन्याभरात छावणीत बोललं जायला लागलं की चेअरमन पावसासाठी अनुष्ठानाला बसलेत, उभ्यानं जप करतात, अन्न सोडलंय. दाजी वाळलेही होते, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. एका सकाळी दार उघडते तर उंबऱ्यावर नारळ आणि समोर केसरबाई. तिने पायरीवर डोकं टेकलं आणि म्हणाली, "वैनी, चेअरमनला म्हणावं, चुकलं आमचं. आमच्यासाठी एवढं करायलेत आन् आमी हसलो."

मंजुळा, मला तिला उठवतासुद्धा येईना. दाजींना सांगितलं, तर त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं तर ज्या गावात हंडाभर पाण्यासाठी बाया चालून मरतात तिथे चेअरमन वीज जाळून जागच्या जागी चालतो, हे कळणार. जनावरं उपाशी असलेली माणसं काय करतील ते सांगता येत नाही. आणि गप्प राहावं तर पाऊस पडला नाही म्हणून उद्या तेच लोक जाब विचारणार. आता यांना बाहेर चालता येत नाही आणि मशीन बंदही ठेवता येत नाही, कारण आवाज आला नाही की माणसं विचारतात, आज खंड का पडला? दार वाजलं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो.

आणि त्या आवाजाची माझी भीती वेगळीच. मी जिन्याखाली भाजी निवडत बसते आणि वर कान लावते. धप धप चालू आहे तोवर माणूस जिवंत आहे. थांबलं की काळजात चर्र होतं. लाईट गेली का यांना काही झालं, हे कळावं म्हणून मी स्वयंपाकघरातला विजेचा दिवा दिवसाही लावून ठेवते. तरी काही उपयोग नाही. दिवा विझलेला दिसला तरी वाटतं, पट्टा एकदम थांबून हे तोंडावर पडले असतील. मग मी जिना चढत धावते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. लाईट दिवसातून कितीदा जाते ते तुला सांगायला नको. वर पोचले की हे आपले टॉवेलने मान पुसत उभे, आणि मीच पायरीवर बसून धापा टाकत असते. हे हसून म्हणतात, मशीनची गरज मला नाही, तुला आहे.

गेल्या आठवड्यात बीडला दाखवायला गेलो. दवाखान्यातही तसलंच मशीन असतं, छातीला तारा लावून त्यावर चालवतात. दाजी ऐटीत चालले. डॉक्टर म्हणाले, छान सुधारणा आहे. हे खूश होऊन छावणीच्या कामाला कलेक्टर कचेरीत गेले. मी औषधं घ्यायला मागे थांबले. खालून ती घेऊन डॉक्टरांना दाखवायला परत जिना चढताना मध्येच बसले, डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टर तिथून जात होते. त्यांनी विचारलं, "बाई, असा दम कधीपासून लागतो?" मी म्हटलं, आमच्याकडे मशीन आल्यापासून. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत.

आधी त्यांनी झोपवून छातीच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढली. मग मलाही त्या मशीनवर उभं केलं, बाजूला नर्स. मी पदर खोचला आणि दांडा धरला. पायाखालची जमीन सारखी मागे पळते गं, आणि आपण तिथेच. थोडं चालले नाही तोच छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालं, डावा हात जड पडला. नर्सने घाईने मशीन बंद केलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की माझ्या काळजाच्या नळ्या दाजींच्यापेक्षाही जास्त बुजल्या असाव्यात. येत्या सोमवारी औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात जायचं, सोबत घरचं माणूस हवं, आणि तोवर जिना अजिबात चढायचा नाही.

जीपमध्ये दाजींनी विचारलं, एवढा वेळ का लागला? मी म्हटलं, औषधाच्या दुकानात गर्दी होती. ते झोपून गेले. त्यांना कसं सांगू? आत्ता कुठे ते सावरलेत, हे ऐकून त्यांनाच पुन्हा काही झालं तर? आणि सगळं सोडून ते माझ्याबरोबर तिकडे मुक्कामाला निघाले तर अनुष्ठान अर्धवट मोडलं म्हणून गाव दारात उभं राहील. काल पुन्हा लाईट गेली. पट्टा थांबला. मी जिन्याच्या तळाशी उभी राहिले आणि हाक मारली. ओ आली नाही. दुसऱ्यांदा मारली. एक पाय पायरीवर ठेवला आणि तसाच धरून राहिले, वर जावं तर मी जाते, न जावं तर ते जातात, असं वाटत होतं. शेवटी वरून चिडका आवाज आला, ऐकू येतंय गं, जिवंत हाय मी.

म्हणून हे पत्र. रविवारी कोणतंही निमित्त करून ये. दाजींना जे सांगायचं ते तूच सांग, तुझं ते ऐकतात, माझ्या तोंडून ते निघत नाही. सोमवारी माझ्याबरोबर चल. दिवाळीपासून मी या घरात एकाच माणसाच्या जिवाला भीत आले, आणि सगळ्यांनी मला त्याबद्दल शहाणी म्हटलं. मंजुळा, आता मला माझ्या जिवाची भीती वाटते. असं म्हणायची मला सवय नाही, लिहितानाही लाज वाटते आहे. पण मला मरायचं नाही गं. तू ये.

तुझीच,
वत्सलाअक्का