पहिला गाल

४ नोव्हेंबर

नोकरी मिळाली, राहायला खोली मिळाली आणि खोलीला मोठी खिडकीही आहे. एका दिवसासाठी एवढं पुष्कळ झालं.

त्वचेचा दवाखाना खाली, मॅडमचं घर आणि माझी खोली वर. दार उघडायला आली ती मॅडमची मुलगी असेल असं समजून मी विचारलं, मॅडम आहेत का. ती पोट धरून हसली. त्या स्वतःच मॅडम होत्या. साठी उलटलेली, आणि डोळ्यांखाली एक रेघ नाही.

माझ्याकडे यंत्राचं काम आहे. नळीच्या टोकाला छोटी वाटी असते, ती गालावर टेकवायची. यंत्र कातडी अलगद ओढतं, सोडतं आणि ती किती चटकन जागेवर परतते ते मोजतं. तरुण कातडी लगेच परतते, म्हातारी रेंगाळते. शिकताना मी असली यंत्रं खोलून पुन्हा जोडली आहेत, त्यामुळे नवीन काही नाही. मॅडमनी वाटी आधी माझ्याच गालाला लावली. गुदगुल्या झाल्या, मी हसले. एरवी मी अनोळखी माणसांसमोर हसत नाही. आकडा पाहून त्या म्हणाल्या, वा गं पोरी, आता हेच आपलं प्रमाण.

धाकटीला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, क्रीम फुकट मिळतं का. दुसरा, मी कधी येऊ. आई गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. परीक्षा झाली की ये म्हटलं.

७ नोव्हेंबर

इथली पद्धत अशी. सकाळी पहिला गाल माझा. माझा आकडा ठरलेल्या खुणेवर आणून यंत्र लावायचं, मगच बाकीच्या बायका. माप तपासायला यंत्रासोबत येते ती रबरी चकती वापरत नाहीत. मॅडमच्या मते रबरावरून माणूस मोजणं म्हणजे बाहुलीवरून बाळंतपण शिकणं.

दुसरी गोष्ट मला पटली नाही. माझ्यानंतर वाटी पुसायची नाही. मी स्पिरिट काढलं तर त्यांनी हातातून बाटली घेतली. स्पिरिटनं वाटीची कड झिजते, म्हणाल्या. झिजत नाही, हे मला माहीत आहे. पण नोकरीचा पहिलाच आठवडा होता, वाटी तशीच ठेवली.

घरात आरसा नाही. आरसा दिसला की बायका कपाळाला आठ्या घालतात आणि आठ्यांच्याच सुरकुत्या होतात, असं मॅडमचं म्हणणं. मला आरशाचं वेड नाही.

१२ नोव्हेंबर

मॅडम बायकांना जे सांगतात त्यात वावगं काही नाही. उन्हात जाताना क्रीम लावा, टॉवेलनं तोंड खसाखसा घासू नका, मान विसरू नका, झोप मोडू नका. मीही सगळं पाळते. पण एवढ्यानं असा फरक पडत नाही. निवृत्त हेडबाई आज आल्या. गेल्या खेपेला त्यांचा गाल पिकल्या केळ्याच्या सालीसारखा होता. आज वाटीनं सोडताच कातडी जागेवर. हेडबाई म्हणाल्या, नवरा हल्ली माझ्याकडे बघून पोट आत घेतो. सगळ्या हसल्या.

टॉवेल धुणाऱ्या मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. वाकलेल्या, चेहरा जाळीसारखा. माझ्याकडे बघत होत्या.

१७ नोव्हेंबर

यंत्राचं माप खाली सरकतंय. माझा आकडा रोज थोडा कमी येतो आणि मी रोज स्क्रू फिरवून तो खुणेवर आणते. म्हणजे नंतर येणाऱ्या बायकांचे आकडे फुगणारच. इथला सगळा चमत्कार त्या स्क्रूचा आहे, असं वाटून मला बरं वाटलं. फसवणूक समजण्यासारखी असते.

पण हेडबाईंचा गाल मी डोळ्यांनी पाहिला आहे.

फोन माझा चेहरा ओळखत नाही. काच पुसली तरी नाही. आकडे टाकून उघडला.

२१ नोव्हेंबर

रबरी चकती सापडली. टॉवेलांच्या कपाटात तळाला, खोक्यासकट. मॅडम बाहेर गेल्यावर यंत्र मूळ खुणेवर आणलं आणि चकतीवर लावलं. आकडा खोक्यावर छापलेला आहे तोच आला. पुन्हा लावलं. तोच.

यंत्राचं माप सरकलेलं नाही.

मोजण्याआधी माप तपासावं, हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मी स्वतःला माप धरलं आणि ते तपासलं नाही.

मग फोनच्या कॅमेऱ्यात पाहिलं. आईची आई दिसली.

२२ नोव्हेंबर

आज माझ्यानंतर वाटी स्पिरिटनं पुसली. मॅडमचं लक्ष नव्हतं. पहिली बाई वकीलबाई. तिच्या गालात काही फरक पडला नाही. ती कुरकुरत गेली. मॅडमनी वाटी नाकाशी नेली, हुंगली. रागावल्या नाहीत. माझा गाल चिमटीत धरून हळूच म्हणाल्या, लबाडी करायची नाही हं बाळा. आणि विचारलं, तुझी धाकटी कधी येते?

मी त्यांना तिच्याबद्दल कधी सांगितलं नव्हतं. फोनवरचं बोलणं भिंतीतून ऐकू जात असणार.

२३ नोव्हेंबर

मावशींना विचारलं. त्या टॉवेल पिळत राहिल्या. माझ्या आधी यंत्रावर त्याच होत्या. माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठ्या आहेत.

पळून का नाही गेलात, विचारलं. म्हणाल्या, गेले होते की. आईनं दार उघडलं, प्यायला पाणी दिलं आणि विचारलं, कुणाकडे आलात आजी?

२४ नोव्हेंबर

गालाला वाटी लावायला नकार दिला. मॅडमनी मनगट धरलं. साठीच्या बाईचं बळ नव्हे ते. माझ्यात सोडवून घेण्याइतकंही नव्हतं.

धाकटीला फोन केला, येऊ नकोस म्हणून सांगितलं. तिनं विचारलं, कोण बोलतंय, ताईला फोन द्या. मीच ताई म्हटलं तर किंचाळली, आजी, ताईचा फोन तुमच्याकडे कसा? तिनं फोन ठेवून दिला. मग मी तेच लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं: मी उद्याच येतेय, ताईला हात लावलात तर बघा.

मीच तिला बोलावलं.

२५ नोव्हेंबर

पहाटेच मागच्या दारानं निघाले, बसच्या थांब्यावर जाऊन बसले.

ती उतरली. माझी निळी ओढणी घेऊन. तिचा हात धरला. लहानपणी तिला हाक मारायचे तीच हाक मारली. तिचा चेहरा पांढराफटक. म्हणाली, सोडा आजी, हे तुम्हाला कुणी सांगितलं, माझी ताई कुठे आहे?

हात झटकून पुढे गेली. तरुण पाय. मी मागे, भिंत धरत.

आत पोचले तोवर मॅडम तिला जवळ घेऊन होत्या. तुझी ताई न सांगता निघून गेली गं, या म्हातारीनं तिचा फोन लपवला. धाकटी रडत होती. मी बोलायला तोंड उघडलं. मावशींनी मला टॉवेलांच्या खोलीत ओढलं. बाहेरून कडी. जाताना म्हणाल्या, सवय होते.

ही वही इथेच ठेवलेली. हे पान फाडून दाराखालून सरकवीन. चेहरा गेला, आवाज गेला, पण अक्षर माझंच आहे. ती ओळखेल. ‘क’ अजून तसाच येतोय, शेपटी लांब. ती त्यावरून चिडवायची.

धाकटे, खुर्चीत बसू नकोस. गाल देऊ नकोस. मी ताई आहे. दार उघ—

मॅडम तिला पाणी देतायत. म्हणतायत, इथेच राहा, ताईची वाट बघ, तोवर तिचं काम शीक. सोपं आहे.

खुर्ची करकरली.

यंत्राचा आवाज.

ती रडायची थांबली. हसतेय. गुदगुल्या होतात म्हणतेय. मीही पहिल्या दिवशी हसले हो—