भोरड्यांचे कान आणि माझे

श्रीमान साडूबुवा गोरक्षनाथराव यांना पारनेरच्या रानातून सहादेवचा रामराम. सावेडीत तुमच्या घरी सगळे खुशाल असतील. तुमचे कान तर नक्कीच खुशाल असतील. इकडं तुमची मेहुणी रतनबाई ठणठणीत आहे (तिच्या तोंडाच्या हालचालीवरून तरी तसं वाटतं). फोन सोडून पत्र का, ते पुढं वाचा.

ज्वारी राखायला तुम्ही ती पाइपाची कार्बाइड बंदूक आणून दिलीत, तुमचे उपकार कसे फेडू! आम्ही अडाणी, गोफणीवर भागवत होतो. लायटर माझ्या हातात देऊन तुम्ही स्वतः पार लिंबाखाली जाऊन उभे राहिलात, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पहिल्या बाराला भोरड्या भुर्रकन उडाल्या, तुम्ही टाळ्या पिटल्यात, आणि मी सबंध हंगाम कानाशी बंदूक धरून बार काढत बसलो (खांद्याला लावून धरायची, हेही तुम्हीच शिकवलंत).

मग नगरला कानाच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आवाज पडद्यावर आदळतो, मागची तीन इवली हाडं तो हादरा आत ढकलतात, तिथं शंखासारख्या नळीतलं पाणी हलतं. त्या पाण्यात बारीक केसांच्या पेशी. केस वाकले की त्यांच्यातून विजेचा इशारा निघतो आणि नसेतून मेंदूत जातो. म्हणजे डोक्यात आवाज जातच नाही हो, नुसती वर्दी जाते! माझे वर्दी देणारेच मेले. बारीक आवाजाच्या पेशी नळीच्या दाराशी असतात, त्या आधी गेल्या; जाड आवाजाच्या आत खोल, त्या वाचल्या. म्हणून रतनबाईचं बोलणं अर्धं गळतं, लेकराबाळांचं सगळंच, आणि तुमचा घोगरा आवाज मात्र समोरासमोर स्वच्छ येतो. काय माझं नशीब! मशिनही लावून पाहिलं. गोंगाट वाढला, शब्द काही सुटे होईनात.

पुन्हा उगवतील का, म्हणून विचारलं. बाईंनी लिहून दिलं, माणसाच्या नाही उगवत, पाखरांच्या उगवतात. मी ते दोनदा वाचलं. म्हणजे ज्यांच्यासाठी बंदूक आणली त्यांचे कान पुन्हा नवे, आणि राखणदार कायमचा बहिरा! आता त्या भवान्या माझ्या राखणीच्या माळ्यावर बसून कणसं फोडतात. रतनबाई बांधावरून “आवो, पाखरं!” म्हणून वरडते, ते मला तिचे हात बघून कळतं. लई संताप होतो. तुमचा, माझा, त्या पाखरांचाबी.

तुमची बंदूक घेऊन जा, आणि पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नका.

सहादेव

ता. क. बंदूक मी कुऱ्हाडीनं फोडली. न्यायला येऊ नका.

ता. क. आणखी एक. आमच्या ज्ञानेश्वरची लेक, माझी नात संस्कृती, तुमच्याच गल्लीत वाढतेय, आता बोलायला लागलीय. मोबाईलवर ती मला काहीतरी सांगते, सगळे हसतात, मग मीही हसतो. मला नुसते तिचे ओठ दिसतात. तुम्ही रविवारी तिच्याजवळ जरा बसत जा, आणि ती काय बोलली ते मला लिहून पाठवा. बोबडं असेल तर बोबडंच लिहा, सुधारू नका. तुमचे कान चांगले आहेत. तुम्ही लिंबाखाली उभे होतात.