दुखणं शून्य

४ नोव्हेंबर, मंगळवार
आईचं केमोचं पहिलं इंजेक्शन झालं. बारापैकी एक. दर मंगळवारी एक, शेवटचं २० जानेवारीला.

सकाळी साडेनऊला सलाईन लावली, दुपारी पावणेदोनला सुटलो. आई माझ्याकडे जळगावला, मेहरूणच्या खोलीवर राहणार. भडगावहून दर आठवड्याला आणणं जमणार नाही. संघपाल म्हणत होता, मोटारसायकलवर आणतो! साठ किलोमीटर, आणि तिचे छातीच्या ऑपरेशनचे टाके अजून ओढतात. भाऊ आहे, दुकान बंद ठेवून आला तेच खूप.

डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं. या औषधाने हातापायांना मुंग्या येतील, आग होईल. पाय बधिर झाले तर लगेच सांगायचं. मग डोस कमी करावा लागतो, कधी थांबवावा लागतो. आईने मान हलवली. मी लिहून घेतलं.

९ नोव्हेंबर, रविवार
पाच दिवसांत आमच्यात झालेलं बोलणं: जेवलीस का. गोळी घेतली का. पंखा कमी करू का.

दोन वर्षांपूर्वी मी साखरपुडा मोडला तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "तुनामा मायाच नही." मी भांडले नाही. धुळ्याला नोकरी घेतली. आता तिच्यासाठी बदली मागून जळगावच्या लॅबमध्ये आले, तर हेही तिने विचारलं नाही की का आलीस. मीही सांगितलं नाही.

१२ नोव्हेंबर
दुसरं झालं. रात्रभर पाय दुखले. दहापैकी किती, म्हणून विचारलं. म्हणाली, "बठ्ठे दहा." म्हणजे सगळेच्या सगळे. तिला आकडे कळत नाहीत असं नाही. वीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती, रोज मुलं मोजायची. मला चिडवत होती.

१६ नोव्हेंबर, रविवार
वॉर्डातल्या सिस्टरने नाव दिलं होतं — कामिनीताई. धुळ्याच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, वय सहासष्ट, मेहरूण तलावाच्या अलीकडच्या गल्लीत राहतात. पावलांवर दाब देतात. डॉक्टरांना आधी विचारलं होतं. ते म्हणाले, बरं वाटत असेल तर करा, पण औषध हेच.

भिंतीवर पावलाचा तक्ता. अंगठ्यात डोकं, बोटांखाली छाती, खोलगट भागात पोट. मी विचारलं, याला पुरावा? बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तक्त्याला माझ्याकडे पुरावा नाही. माणसाला जरा बरं वाटतं, एवढं पाहिलंय."

काय अपेक्षा ठेवायची तेही त्यांनीच सांगितलं. गाठीवर काही परिणाम होणार नाही, कोणी होतो म्हणालं तर तिथून उठून यायचं. झोप लागेल, बहुतेक. मळमळ कमी होईल, कदाचित. पहिले दोन-तीन दिवस काही जागा हुळहुळतील. ताप, जखम किंवा पोटरीला सूज असेल तर हात लावायचा नाही. आधी पाय कोमट पाण्यात, मग वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही.

हे सगळं ऐकून आईने पाय साडीखाली ओढून घेतले. कामिनीताई वयाने मोठ्या. मोठ्या बाईने आपल्या पायाला हात लावायचा? "नका अक्का. माले गोड नही लागाव." ताई म्हणाल्या, "अहो, चाळीस वर्षं लोकांचे बेडपॅन उचलले. तुमच्या पायांनी काय होणार मला?" आई हसली, पण पाय दिले नाहीत. उलट वाकून त्यांच्याच पाया पडली.

शेवटी ताईंनी माझ्याकडे पाहिलं. लेकीने आईच्या पायाला हात लावायला तर कोणाची हरकत नाही ना?

त्यांनी माझ्याच पावलावर दाब दाखवला. मी तो आईच्या पावलावर दिला. ताई लांब बसून बघत होत्या. म्हणाल्या, "मशीन आवळतेय का, पोरी?"

निघताना सांगितलं, रोज दोन प्रश्न विचारायचे. दुखतंय का. आणि माझा हात जाणवतोय का.

१७ नोव्हेंबर
घरी पहिल्यांदा. उजवा पाय दहा मिनिटं, डावा दहा. दुखणं आधी सहा, नंतर पाच. वही घातली आहे: तारीख, दुखणं, झोप, उलट्या. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला आकडा देता येत नाही. तो रकाना ठेवला नाही.

आईच्या पायांना मी याआधी कधी हात लावला होता, आठवत नाही. नमस्कार सोडून. टाचेच्या भेगा खोल आहेत. डाव्या घोट्यावर जुना व्रण. कसला, विचारलं नाही.

१९ नोव्हेंबर
व्रण विळ्याचा. तिनेच सांगितलं. माझ्या वेळी सातवा महिना होता, गवत कापताना लागला. "तुनाच महिना. तवापाईन तू पायमा शे मना." तेव्हापासून मी तिच्या पायात आहे म्हणे.

२५ नोव्हेंबर
चौथं. दुखणं चार. झोप पाच तास वीस मिनिटं. उलटी एक. पूर्वी तीन व्हायच्या.

वीस मिनिटांत ती बोलते. एरवी नाही. बाबांच्या आजारपणाचं बोलली, अंगणवाडीतल्या पोरांचं बोलली. मी पायाकडे बघत असते म्हणून बोलता येत असेल. मला ऐकता येतं, ते बहुधा त्याच कारणाने.

६ डिसेंबर, शनिवार
महापरिनिर्वाण दिन. नको म्हटलं तरी पांढरी साडी नेसून तयार बसली. मास्क लावून पुतळ्यापर्यंत नेलं. संघपालही आला होता. गर्दी टाळून बाजूने मेणबत्ती लावली, वंदना म्हटली.

परत येताना रिक्षापाशी बघितलं तर उजव्या पायात चप्पल नाही! पन्नास पावलं मागे रस्त्यात पडली होती. ती तशीच चालत आली. संघपाल म्हणाला, "आई, एक चप्पल ठेवून आलीस, नवस बोललीस का काय?" ती म्हणाली, "तुले बायको भेटो म्हनीसन." सगळे हसलो. मीही.

नोंद: अशक्तपणा. दुखणं दोन.

९ डिसेंबर
सहावं. डॉक्टरांनी विचारलं, मुंग्या? आई म्हणाली, नाही. पाय? चांगले आहेत.

१४ डिसेंबर, रविवार
दुखणं शून्य. पहिल्यांदा.

पुन्हा विचारलं. शून्य.

आलेख काढला. सहापासून शून्यापर्यंत, जवळजवळ सरळ उतरती रेषा. मला हे अपेक्षित नव्हतं. पण आकडे आहेत.

१६ डिसेंबर
आलेख डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, छान, असे नातेवाईक हवेत. सातवं पूर्ण डोसने दिलं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२१ डिसेंबर, रविवार
मला सर्दी. आईपासून लांब राहायचं म्हणून पाय घेतले नाहीत. ती साडेसातला भिंतीला टेकून, दोन्ही पाय चादरीबाहेर काढून बसली होती. "आज नही का?" सर्दी आहे, सांगितलं. थोड्या वेळाने पाय आत घेतले.

२२ डिसेंबर
मास्क लावून केलं. "बरं वाटस," म्हणाली. दुखणं शून्य.

३० डिसेंबर
नववं. तीन राहिली.

आज पाय चेपताना ती अचानक म्हणाली, तो मुलगा तुला आवडला नव्हता हे आधी का नाही सांगितलं. मी म्हणाले, विचारलं कोणी? उजवा पाय झाला, डावा घेतला. मग म्हणाली, "हाव. कोनीच नही इचारं." तिने हे मान्य केलं. मी डाव्या पायाला एक मिनिट जास्त दिलं, चुकून.

९ जानेवारी, शुक्रवार
सहा चाळीसला लॅबमधून आले. आई खुर्चीत बसून मेथी निवडत होती, पाय बादलीत. पाण्याला वाफ होती. मी येण्याआधी पाय शेकून तयार ठेवावेत म्हणून तिने स्वतःच पाणी उकळून ओतलं होतं. थंड घालायचं राहिलं.

मी बादलीत बोट घातलं. एक सेकंदही ठेवता आलं नाही.

पाय बाहेर काढले. घोट्यापर्यंत लाल, वरच्या बाजूला कातडी सुटलेली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मेथीची जुडी हातातच. म्हणाली, पाणी हाताने बघितलं होतं की. तिच्या बोटांनाही समजलं नाही.

दहापैकी किती, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं.

१० जानेवारी
दाखल केलं. डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्यावर सुई टोचली. आई खिडकीकडे बघत होती. तळव्यावर टोचली. घोट्यावर. पोटरीच्या मध्यापर्यंत तिने मान वळवली नाही.

हे एका आठवड्यातलं नाही, डॉक्टर म्हणाले. तुम्ही तर रोज पाय हाताळत होतात ना?

माझं रोजचं काम प्रेशर गेज तपासण्याचं. काटा शून्यावर असला की मी शून्य लिहीत नाही. आधी दाब देऊन बघते, काटा हलतो का. लाइन खरंच रिकामी आहे, की नळी तुंबली आहे. शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी हेच सांगते.

मी पंचवीस दिवस शून्य लिहिलं.

१३ जानेवारी, मंगळवार
अकरावं आज होतं. दिलं नाही. पांढऱ्या पेशी फार कमी, डाव्या पायाच्या जखमेत पू. इंजेक्शनं बंद. पाय परत जागे होतील का, विचारलं. काहींचे होतात, डॉक्टर म्हणाले. वर्ष लागतं. आधी जखम.

कामिनीताई भेटायला आल्या. वही बघायला मागितली. पानं उलटली, रकाने बघितले, मिटून परत दिली. "दुसरा प्रश्न राहिला का गं," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

१५ जानेवारी
ताप १०२. पू तपासणीला पाठवला. आईला न कळणं हीच बरं होण्याची खूण वाटली असेल, असं संघपालचं मत. माझं मत, तिला बारा पूर्ण करायची होती. सांगितलं असतं तर डॉक्टरांनी थांबवलं असतं, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

१७ जानेवारी
डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली आहेत. सोमवारी काढणार. सही मी केली.

१८ जानेवारी, रविवार
ताप उतरला. मी दाराजवळच्या खुर्चीत होते. पायांना बँडेज, करण्यासारखं काही नव्हतं. विचारलं, बारा पूर्ण करायची होती म्हणून लपवलंस ना?

आई म्हणाली, "बारानं माले काय करनं शे. चप्पल पडनी त्या दिनपाईन पायले काहीच समजत नही. सांगं असतं ते तू उठी जाती. तू बठस ना मना जवळ तवढी येळ."

सहा डिसेंबर ते आठ जानेवारी. चौतीस दिवस. सर्दीचा एक सोडून तेहतीस. रोज वीस मिनिटं. अकरा तास.

खुर्ची कॉटपाशी ओढली.