आईचे ओले केस

मंगळवार, संध्याकाळ

आठवडाभर बघतेय, आई फिरून येते ती ओल्या केसांनी. विचारलं की म्हणते, "घाम हाय गो." घामाने कुणाचे केस निथळतात? बाबांची होडी बुडाल्यापासून तिने समुद्रात पाऊल टाकलेलं नाही. मग जाते कुठे? कुणाकडे? शी, काय मनात येतं माझ्या!

आज गुपचूप मागे गेले. उत्तनच्या बांधाखाली, पोहणारे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी लावलेल्या समुद्राच्या पाण्यात, ती मॅक्सीसकट उताणी तरंगत होती. केस मोकळे, डोळे मिटलेले.

"आई!"

"वरडू नको. आता भ्या न्हाय वाटत मला."

मला वाटत होतं. ती बाहेर येईपर्यंत मी जाळीची एकेक गाठ ओढून पाहत राहिले.