नासलेली पिंपं

न्तो इकोत, ३ जून १९८४

चि. इदारा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे बरं नाही, ते आधीच सांगतो. एतिमच्या घाण्यावरची पामतेलाची पिंपं पुन्हा नासली. झाकण काढलं की आंबूस वास, चव घेतली तर घसा खवखवतो. व्यापारी तोंड वाकडं करून रिकामी गाडी घेऊन गेला.

एतिमनं बोंब ठोकली की आपल्या आदिआहा आत्यानं चेटूक केलं. गेल्या महिन्यात त्यानं तिला वाटीभर तेल नाकारलं होतं. तिचं तोंड तुला माहीतच आहे, नासो तुझं तेल म्हणून निघून आली. एवढं पुरलं. पोरांनी म्हातारीला केस धरून फरफटत नेलं, मुसळानं हात मोडला, झोपडी पेटवली. आता घाण्यामागच्या खोलीत कोंडलीय. बाजाराच्या दिवशी जाळू म्हणतात. मी मध्ये पडणार होतो गं, पण सगळ्यांच्या हातात कोयते होते.

तू शिकलेली. काहीतरी लिही, मी सगळ्यांना वाचून दाखवतो. सोबत कसाव्याची भाजलेली गारी पाठवलीय, खात जा, काडी झालीस म्हणतात.

तुझा दादा,
मबोसो

कलाबार, ६ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आई गेल्यावर जिनं आपल्याला भरवलं, तिचा हात मोडला आणि तू बघत उभा राहिलास? लाज कशी वाटली नाही रे?

आता हे मोठ्यानं वाच. तेल कुणीही चेटकानं नासवलेलं नाही. फळं मऊ पडावीत म्हणून तुम्ही भर पावसात दिवसच्या दिवस ढीग लावून ठेवता, त्यांच्यावर बुरशी चढते. पिंपाच्या तळाशी पाणी राहतं, तिथंही ती जगते. डोळ्यांना न दिसणारा हा जीव एक रस सोडतो, आम्ही त्याला विकर म्हणतो. त्या रसानं तेल फुटतं आणि आंबट होतं. तीच बुरशी मी इथं प्रयोगशाळेत काचेच्या बशीत लाडानं पाळते, कारण साबणवाल्यांना तिचा रस हवा असतो. फळं ताजी असतानाच उकडा, पाणी उडेपर्यंत तेल कढवा, पिंपं वाळवा. मग नासलं तर मला जाळा.

आणि नाहीच ऐकलं, तर दारात आडवा हो, दादा. आत्याला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस.

तुझी रागावलेली,
इदारा

पोलीस कोठडी, १५ जून

चि. इदारा हिस,
आशीर्वाद.

आत्या जिवंत आहे. आधी हे, म्हणजे पुढचं वाचशील.

तुझं पत्र घाण्यापाशी वाचलं. सगळे जमले होते. डोळ्यांना न दिसणारा जीव तेल नासवतो, इथवर आलो आणि एतिम ओरडला की हेच तर तो इतके दिवस सांगत होता. तू तो बशीत पाळतेस हे ऐकल्यावर तर बोलायलाच नको. म्हणाला, म्हातारीनंच भाचीला शिकवलं असणार. रॉकेलचा डबा आला. बाजाराच्या दिवसापर्यंतही थांबायला कुणी तयार नव्हतं.

मी दारात आडवा झालो. एतिमनं पोटात लाथ घातली, मला ओलांडून कडी काढली. आत आत्या किंचाळत होती. घड तोडायचा कोयता तिथंच भिंतीला टेकलेला. एकच घाव बसला, एतिमच्या मानेवर. रक्त भिंतीवर उडालं, माझ्या तोंडात गेलं. पोरं पळाली. तो दारातच तडफडत गेला. शाळेत एका बाकावर बसायचो गं आम्ही. तू लिहिलंस म्हणून हे घडलं, असं मनात आणू नकोस. कोयता मी उचलला.

काल एतिमची आई गजांपाशी आली. वाटलं, थुंकेल. तिनं हळूच विचारलं की तो जीव खरंच असतो का. मी हो म्हणालो. तिनं गज घट्ट धरले. मग म्हणाली, इदाराला लिही, एकदा गावात ये आणि मला दाखव म्हणावं.

येशील? जमेल तेवढा लोभ राहू दे. गावात आता आपल्यावर कुणाचा उरलेला नाही.

तुझा,
मबोसो