वस्तरा ऐकताना

प्रिय धाकट्या,

उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. माझ्या तीन बोटांना पट्ट्या होत्या आणि डोकं भलत्याच विद्येत अडकलं होतं. हसणार नसशील तर सांगते. वीस वर्षं दवाखान्याच्या तळघरात बसून लोकांच्या शिरा शोधून रक्त काढणारी तुझी ताई आता रक्ताचा थेंबही निघता कामा नये, अशा कामाला लागली आहे. मी वस्तरा शिकतेय. बाबांकडून.

काचबिंदूनं बाबांचे डोळे पुरते गेले, दुकानाला कुलूप लागलं, हे सगळं मी तुला त्या त्या वेळी कळवलंच होतं. दाढी मात्र ते आपली आपण करत राहिले, आंधळेपणीसुद्धा, आरशाशिवाय, बोटांनी चाचपून. गेल्या वर्षी हात थरथरायला लागले तेव्हा थांबले. मग मी त्यांना कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये घेऊन गेले. तिथला कारागीर चांगला होता, पण बाबा घरी येऊन म्हणाले, "दाढी नाही केली त्यानं, भांडं खरवडलं." पुन्हा गेले नाहीत. दाढी वाढली. स्वतःच्या गालावरून हात फिरवताना दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावावा तसं तोंड करायचे. पन्नास वर्षं जगाचे चेहरे गुळगुळीत करणारा माणूस! शेवटी मीच म्हटलं, मला शिकवा.  दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता बाबा म्हणाले, "वरची पत्र्याची पेटी काढ."

मला वाटलं होतं, आठवड्याभरात जमेल. सुईवर हात बसलेला आहे माझा. पण बाबांनी पहिले वीस दिवस साबणाचा फेससुद्धा करू दिला नाही. नुसता दगड. ओल्या दगडावर वस्तरा आडवा झोपवायचा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या, दाब अजिबात नाही, आणि धार पुढे ठेवून सरकवत न्यायचा, जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढायचाय. टोकाला पोचलं की पाठीवरून उलटायचा, धारेवरून कधीही नाही. मी हे करत असताना बाबा खुर्चीत मान खाली घालून बसायचे. झोपलेत असं वाटायचं आणि तेवढ्यात आवाज यायचा, "मूठ उचललीस." किंवा, "आता टोक हवेत आहे." मी बघत असून मला दिसायचं नाही, ते त्यांना ऐकू यायचं! एकदा परीक्षा घ्यावी म्हणून मुद्दाम थोडा दाब वाढवला. म्हणाले, "माझी गंमत करतेस का गं?"

हळूहळू मलाही ऐकू यायला लागलं. सुरुवातीला खरखर येते, कोरड्या पानांवरून चालल्यासारखी. मग ती बारीक होते. आणि एका क्षणी आवाज जवळजवळ नाहीसाच होतो, वस्तरा दगडाला जरासा चिकटल्यासारखा वाटतो, तेव्हा थांबायचं. पहिल्यांदा ते जमलं त्या सकाळी बाबांनी माझ्याच डोक्यातला एक केस उपटायला लावला. केस दोन बोटांत धरून मी नुसता धारेवर टेकवला. तुटला म्हणू नये, धाकट्या, सुटला. मी खाली पडलेला तुकडा शोधत फरशीवर गुडघे टेकून बसले. लहानपणापासून आपण त्या दुकानात खेळलो, वस्तऱ्यांच्या चळतीशेजारी अभ्यास केला, आणि आपले बाबा रोज काय करत होते हे मला चाळिसाव्या वर्षी कळत होतं.

मग चामड्याचा पट्टा. तिथे सगळं उलटं, पाठ पुढे आणि धार मागे. दगडाची सवय लागलेल्या हातानं मी पहिल्याच दिवशी पट्टा कापून ठेवला. मग फुगे. फुग्याला फेस लावायचा आणि तो फेस वस्तऱ्यानं उतरवायचा. अकरा फुटले. छतावर अजून साबणाचे डाग आहेत. बाबा प्रत्येक फट्टसरशी म्हणायचे, "हे गिऱ्हाईक गेलं." त्यांना इतकं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि बोटांचं विचारशील, तर हातातून निसटलेला वस्तरा मी झेलायला गेले. बाबा माझी बोटं बांधत नव्हते, बांधणार कशी, पण पट्टी धरून बसले होते आणि पुटपुटत होते, "पडू द्यायचा असतो गं. धार पुन्हा लावता येते."

पत्र लांबतंय खरं. पण हे सगळं तुला सांगायलाच हवं, का ते पुढे कळेल.

बोटं बरी झाल्यावर बाबांनी पेटीतला दुसरा, हस्तिदंती मुठीचा वस्तरा काढायला सांगितलं. हा कधीचा पडून होता. मी दगडावर घेतला, दहा-बारा वेळा फिरवला, आणि बाबांनी एकदम हात वर केला. "थांब. परत ने." मी नेला. "ऐकलंस?" मी काही ऐकलं नव्हतं. त्यांनी चार वेळा न्यायला लावला. चौथ्यांदा मला ऐकू आलं, घड्याळाच्या काट्यासारखी इवलीशी टक. "टोकापासून दोन बोटांवर," ते म्हणाले. मी भिंग लावून पाहिलं. बरोबर तिथे धारेत तीळभर खाच होती. मी तर थक्क झाले, बाबा, तुम्ही माणूस आहात की कोण, असं काहीबाही बोलले. त्यांनी वस्तरा माझ्या हातातून घेतला, मिटला आणि उठून आत गेले. जेवायलाही आले नाहीत. मला वाटलं, दमले असतील.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, स्वतःच खुर्ची खिडकीशी ओढून बसले. "चल," म्हणाले, "आता माणूस घे." गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, मग फेस, ब्रश गोल गोल. आणि मग त्यांनी मान मागे टाकली. मी इतक्या लोकांच्या शिरा पाहिल्या आहेत, पण बाबांच्या गळ्यावर उडणारी ती शीर पाहिली आणि वस्तरा क्षणभर हवेतच धरून ठेवला. डाव्या हातानं कातडी ताणली, वस्तरा तिरपा धरला, कानापासून खाली आणला. बारीक कुरकुर आवाज, आणि फेसामागे एक स्वच्छ पट्टा. गळ्याशी आले तेव्हा म्हणाले, "आवंढा गिळतो, मग कर," आणि श्वास रोखून निश्चल राहिले. आंधळा माणूस, नवशिका हात आणि गळ्यावर उघडं पातं. तरी त्यांच्या कपाळावर एक आठी नव्हती. एवढा विश्वास कुणी माझ्यावर टाकला नव्हता. कधीच नाही. दाढी संपली. तुरटी फिरवली. कुठेही झोंबली नाही.

त्या दिवसाबद्दल तू आणि मी बारा वर्षांत एक अक्षर लिहिलेलं नाही. तू एकोणीस वर्षांचा होतास, शाळेतले मास्तर खुर्चीत बसले होते आणि भरलेल्या दुकानात त्यांचा गाल कानापासून जबड्यापर्यंत उघडला. सात टाके पडले. बाबांनी सगळ्यांसमोर तुझ्या हातातून वस्तरा घेतला आणि म्हणाले, "हा हात वस्तऱ्याचा नाही. पुन्हा माझ्या हत्यारांना शिवू नकोस." महिन्याभरात तू घर सोडून गेलास. मी तुला थांबवलं नाही, कारण मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

रविवारी दाढी झाल्यावर बाबांनी दोन्ही तळव्यांनी स्वतःचा चेहरा चाचपला, आणि तसाच झाकून बसले. मग बोलले. त्या वर्षी त्यांना दिव्यांभोवती कडी दिसायला लागली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. त्या सकाळी हस्तिदंती वस्तरा त्यांनीच पाजळला होता. दगडावर टक ऐकू आली होती, भिंगातून पाहिलं तर सगळं धूसर. खाच दिसत नाही असं कबूल केलं तर दुकान गेलं, म्हणून नाहीच आहे असं ठरवलं आणि तो वस्तरा तुझ्या हातात दिला. तो गालावर अडकला, मास्तर दचकले. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर बाबांनी धारेवरून नख फिरवलं, तेव्हा खाच नखाला लागली. म्हणजे त्याच संध्याकाळी त्यांना कळलं होतं. तू तेव्हा माडीवर भिंतीकडे तोंड करून पडला होतास. मधे फक्त जिना होता. तो त्यांना चढवला नाही.

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ज्या कानांचं मला इतकं कौतुक, त्याच कानांनी ती टक तेव्हाही ऐकली होती. पण मंगळवारी ते स्वतःच माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "माझे डोळे नाहीत, तू लिही." माफी मागणारं लांबलचक सांगतील असं वाटून मी कागद घेऊन बसले.  पण त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणून हे पत्र: "वस्तरा माझा खराब होता. हात त्याचा बरोबर होता." खाली सही त्यांची आहे. मी बोट धरून जागा दाखवली, तरी ओळ सोडून कडेला गेली आहे. समजून घे.

तुझीच,
ताई